सेवा, वेठ आणि विद्या : सातारा-सांगलीच्या अनुभवाची एक चिकित्सा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांच्या परिभाषेत काही नवे शब्द रूढ झाले आहेत. 'सामाजिक उत्तरदायित्व', 'सामुदायिक सहभाग', 'सेवेतून शिक्षण' हे त्यांतील ठळक शब्द होत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांच्या सामाजिक उत्तरदायित्वाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांक देण्याची व्यवस्था झाली. विद्यार्थ्याने गावात किंवा वस्तीत जावे, तेथे काही काम करावे, त्याचा अहवाल लिहावा आणि त्या कामाची नोंद त्याच्या गुणपत्रकात व्हावी, अशी ही योजना आहे.

या योजनेच्या हेतूविषयी आमचा वाद नाही. चार भिंतींत कोंडलेली विद्या समाजाच्या उपयोगी पडावी, असे कोणाला वाटणार नाही? परंतु 'सेवा' हा शब्द आपल्या समाजात निष्पाप नाही. शतकानुशतके एका बाजूने सेवा करावयाची आणि दुसऱ्या बाजूने ती घ्यावयाची, अशी वाटणी या देशात जन्मावरून झाली होती. म्हणून 'सेवेतून शिक्षण' असे कोणी म्हणतो तेव्हा आम्हांस दोन साधे प्रश्न विचारावेसे वाटतात. सेवा कोण करतो? आणि सेवा कोणाला मिळते? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या आधारे, पालि वाङ्मयाच्या आणि सातारा-सांगली भागातील शैक्षणिक अनुभवाच्या प्रकाशात, या कल्पनेची चिकित्सा करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दाचा विचार

संस्कृत धर्मशास्त्राच्या परंपरेत सेवा हा शूद्राचा धर्म मानला गेला. तिथे सेवेची दिशा एकच होती, खालून वर. ती दिशा बदलण्याची कोणतीही सोय त्या व्यवस्थेत नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते ज्या अनेक कारणांनी झाले त्यांतील हे एक महत्त्वाचे कारण होते.

पालि भाषेत 'सेवना' या शब्दाचा प्रधान अर्थ निराळा आहे. मंगलसुत्ताच्या आरंभी मूर्खांची संगत न करणे आणि शहाण्यांची संगत करणे ही मंगले सांगितली आहेत. तेथे संगतीसाठी योजलेला शब्द 'सेवना' हाच आहे. म्हणजे एखाद्याच्या सहवासात राहणे, त्याच्याशी नित्याचा संबंध ठेवणे, हा त्याचा भाव. दुसऱ्याच्या कामी येणे यासाठी पालित 'वेय्यावच्च' हा शब्द आहे, आणि शुश्रूषा करणे यासाठी 'उपट्ठान'. या दोन्ही शब्दांना जन्माची अट चिकटलेली नाही.

दीघनिकायातील सिगालोवादसुत्त आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यात सहा दिशांच्या निमित्ताने सहा मानवी संबंध सांगितले आहेत. आचार्य ही दक्षिण दिशा. शिष्याने आचार्याप्रति पाच प्रकारे वागावे, त्यांत उठून मान देणे, सेवेस हजर राहणे, नीट ऐकणे, परिचर्या करणे आणि मनःपूर्वक विद्या ग्रहण करणे हे येते. पण सुत्त तेथे थांबत नाही. आचार्यानेही शिष्यासाठी पाच गोष्टी करावयाच्या आहेत. त्याला चांगले वळण लावावयाचे, शिकविलेले पक्के करून घ्यावयाचे, हातचे काही राखून न ठेवता शिकवावयाचे, मित्रमंडळींत त्याची शिफारस करावयाची आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावयाचे. धनी आणि चाकर यांच्या संबंधातही हाच न्याय आहे. चाकराला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, मिष्टान्नात त्याला वाटा द्यावा आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. येथील 'भत्तवेतन' हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

या सुत्तात प्रत्येक कर्तव्याला समोरच्या बाजूचे कर्तव्य जोडलेले आहे. एकाही संबंधात सेवा एकतर्फी नाही. आमच्या मते हीच सेवेची कसोटी होय. जी सेवा उलट दिशेने कधीच फिरू शकत नाही, तिला सेवा म्हणणे चूक आहे. तिचे खरे नाव वेठ असे आहे.

साताऱ्यातील एक विद्यार्थी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्यास आरंभ केला, ही उचित गोष्ट झाली. परंतु त्या दिवशी होणाऱ्या भाषणांतून एक तपशील बहुधा निसटतो.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीच्या अस्पृश्यतेच्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणात लिहून ठेवल्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे टिपण १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरली, जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना, वाटेत पाणी मिळाले नाही, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच टिपणातील शाळेचे वर्णन त्या मानाने कमी उद्धृत होते. वर्गात त्यांना वेगळ्या तरटावर बसावे लागे. शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून ते तरट संध्याकाळी घरी न्यावे आणि सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. साताऱ्यात परीट होते. पण घरचे कपडे बहिणी धूत. न्हावी होते; पण केस बहीणच कापी.

या तपशिलांकडे सेवेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ स्पष्ट होतो. परीट, न्हावी, गाडीवान, शिपाई, झाडूवाला असे सेवा देणारे सगळे लोक त्या गावात होते. त्यांतील एकाचीही सेवा या मुलाला पैसे देऊनसुद्धा मिळत नव्हती. उलट बाजूने पाहावे तर महारांनी गावाची वर्दी द्यावी, मेलेली गुरे ओढावीत, सरकारी कामासाठी हाक येताच धावावे, अशी वतनी सेवा चालू होती. अस्पृश्यता म्हणजे सर्वांची सेवा करणे आणि कोणाचीही सेवा न मिळणे. या सेवेतून मुक्ती मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्षात रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. सेवेपासून मुक्त होण्यासाठी ज्या समाजाला कायदा करून घ्यावा लागला, त्या समाजाच्या मुलाला आज महाविद्यालय 'सेवा कर' असे सांगते, तेव्हा त्याने क्षणभर थांबून विचार करावा, यात नवल नाही.

बोर्डिंगातील कामाच्या पाळ्या

याच साताऱ्यात भीमरावाच्या शाळाप्रवेशानंतर सुमारे पाव शतकाने, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. भाऊरावांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. त्यांच्या शैक्षणिक कार्याचा आरंभही सांगली भागातील दुधगावातच झाला. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे झाली, आणि पुढे तिचे केंद्र साताऱ्यास आले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व माध्यमिक शाळेतून उच्च शिक्षणात आले. सेवेतून शिक्षण ही कल्पना परदेशातून नव्याने आली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी साताऱ्याचा हा इतिहास जरूर पाहावा.

शाहू बोर्डिंगाचे महत्त्व केवळ मुलांनी श्रम केले यात नाही. गरिबांची मुले श्रम करीतच आली होती. महत्त्व यात आहे की तेथे कामाचा जातीशी असलेला संबंध तोडला गेला. पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे मुलांमध्ये वाटली गेली आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. ज्या गावात शाळेचा नोकर अस्पृश्य मुलाच्या तरटाला शिवत नव्हता, त्याच गावात मराठ्याचा मुलगा महाराच्या मुलाने भरलेले पाणी पिऊ लागला आणि त्याची उष्टी भांडी आपल्या पाळीला घासू लागला. सेवेची दिशा उलटी फिरली ती येथे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे काढून बहुजनांना शिक्षणाचे दार उघडून दिले. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले.

भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडले होते. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्ताची येथे आठवण होते. पाचशे नांगरांनी शेत नांगरणारा ब्राह्मण तथागतांना म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. तथागत उत्तर देतात की आपणही नांगरतो आणि पेरतो, आणि आपली शेती कोणती ते सांगतात. श्रम आणि ज्ञान यांतील एक खरे व दुसरे फुकटचे, हा त्या ब्राह्मणाचा समज होता. तथागतांनी तो मोडला. आपल्याकडील विद्यापीठीय शिक्षणात हाच समज उलटा होऊन रुजला होता. ज्ञान खरे आणि श्रम हलके, असे तेथे मानले जाई. तो मोडण्याचे काम साताऱ्याच्या माळावर झाले.

तक्षशिलेचे दोन विद्यार्थी

हा गौरव केल्यानंतर चिकित्सेचे कामही करणे भाग आहे.

तिलमुट्ठि जातकाच्या कथेत तक्षशिलेच्या विद्यार्थ्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक 'आचरियभागदायक', म्हणजे आचार्याला फी देणारे. दुसरे 'धम्मन्तेवासिक', म्हणजे फीऐवजी काम करणारे. दुसऱ्या वर्गातील विद्यार्थी दिवसा आचार्याचे काम करीत आणि रात्री विद्या शिकत. पहिल्या वर्गातील विद्यार्थी मात्र आचार्याच्या घरात थोरल्या मुलासारखे राहून केवळ विद्या शिकत. जातककार ही गोष्ट सहज सांगून जातो. आपण मात्र तेथे थांबले पाहिजे. एकाच आचार्याच्या दारात दिवसाचा प्रकाश एकाच्या वाट्याला आणि दिव्याचा प्रकाश दुसऱ्याच्या वाट्याला आला होता.

आज 'कमवा आणि शिका' ही योजना अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चालते. तिच्यामुळे हजारो गरीब मुलामुलींचे शिक्षण पुरे झाले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण बहुतेक ठिकाणी ही योजना आता केवळ गरजू विद्यार्थ्यांची योजना झाली आहे. ज्याच्या बापाची ऐपत आहे तो वर्गात बसतो, ज्याची नाही तो वर्गाआधी बाग झाडतो किंवा ग्रंथालयातील पुस्तकांची धूळ पुसतो. भाऊरावांच्या बोर्डिंगात श्रम हा सर्वांच्या शिक्षणाचा भाग होता. आता तो काहींच्या फीचा भाग झाला आहे. म्हणजे आपण शाहू बोर्डिंगाकडून तक्षशिलेकडे परत गेलो आहोत.

यावर कोणी म्हणेल की निदान त्या मुलाला मोबदला मिळतो. हे खरे आहे, आणि ते क्षुल्लक नाही. सिगालोवादसुत्तातील 'भत्तवेतन' येथे पाळले जाते. मोबदला मिळतो तेथे श्रम हा करार होतो आणि वेठ राहत नाही. आमची तक्रार मोबदल्याविषयी नसून वाटणीविषयी आहे. सर्व विद्यार्थ्यांनी आठवड्यातून काही तास हाताने काम करावे आणि ज्याला गरज आहे त्याला त्याचा मोबदला मिळावा, अशी व्यवस्था केली तर योजनेचा मूळ हेतू परत येईल.

शिबिरातील पाळी

दुसरा प्रवाह राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा परिचित साचा आहे. नव्या सामुदायिक सहभाग प्रकल्पांनीही बऱ्याच अंशी हाच साचा उचललेला दिसतो. येथे श्रमाला वेतन नाही. ते श्रमदान आहे. म्हणूनच येथे अधिक सावध राहावयास हवे.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी भागात एका महाविद्यालयाच्या शिबिरात व्याख्यान देण्यासाठी आम्ही गेलो होतो. मुलांनी शोषखड्डे खणले होते, रस्त्याकडेला झाडे लावली होती, पारापुढचे पटांगण लख्ख केले होते. मुक्काम शाळेत होता. भिंतीवर रोजच्या कामांचे वेळापत्रक लावले होते. स्वयंपाक, पाणी, भांडी या कामांच्या पाळ्या रोज बदलत होत्या. स्वच्छतागृहाच्या रकान्यात मात्र सातही दिवस तीच चार नावे होती. आम्ही चौकशी केली. कार्यक्रम अधिकारी भला गृहस्थ होता. तो म्हणाला, "त्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांनी स्वतःहून नावं दिली." चारपैकी तीन मुले आपल्या समाजाची होती, एक मातंग समाजाचा. जेवणानंतर आम्ही त्यांतील एकाला बाजूला घेऊन विचारले. तो जरा हसून म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी नावं मागितली तेव्हा सगळे गप्प बसले. मग आम्हीच हात वर केला. कोणीतरी करायलाच हवं ना."

त्या मुलाच्या उत्तरात कडवटपणा नव्हता, हेच आम्हांस अधिक लागले. अहवालात त्या कामाची नोंद 'स्वयंस्फूर्त' अशी झाली असणार. सगळे गप्प बसले तेव्हा त्या शांततेने काय शिकवले, याचा रकाना अहवालात नसतो. पन्नास विद्यार्थी त्या आठवड्यात एक धडा शिकून गेले, की घाण काढण्याची वेळ आली म्हणजे गप्प बसावे, हात वर करणारे कोणीतरी असतात. हा धडा तर गावाने त्यांना आधीच शिकवला होता. महाविद्यालयाने त्याला श्रेयांक दिला.

ही त्या अधिकाऱ्याची वैयक्तिक चूक नव्हती. सेवेचा गौरव करावयाचा आणि सेवेची वाटणी तपासावयाची नाही, या वृत्तीची ती चूक आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना नेमके यावरच बोट ठेवले होते. भंगीकामाला थोर म्हटल्याने ते काम करणाऱ्याची सुटका होत नाही, उलट त्याला तेथेच बांधून ठेवणे सोपे होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत जे दृश्य दिसले, ते याला पूरक आहे. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर महाविद्यालयीन मुलांनी धान्य, कपडे, औषधे वाटली, अनेक घरांतला चिखल उपसला. त्यांचे हे काम मनापासूनचे होते आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण कुजलेली जनावरे आणि तुंबलेली गटारे यांचे काम अखेर सफाई कर्मचाऱ्यांवरच आले. हे कर्मचारी कोणत्या समाजातून येतात, त्यांच्या हातांत मोजे होते काय, त्यांतील कंत्राटी किती आणि कायम किती, हा सामुदायिक सहभागाच्या प्रकल्पाचा विषय व्हावयास हवा होता. धान्य वाटून जे शिकता येत नाही, ते या प्रश्नांतून शिकता आले असते.

परस्परता म्हणजे देवघेव नव्हे

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सेवा परस्पर असावी असे म्हटले तर ती देवघेव ठरणार नाही काय? ज्याच्याकडून काही मिळण्यासारखे नाही, त्याची सेवा मग कोण करणार?

याचे उत्तर विनयपिटकातील महावग्गात आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना आढळला. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. त्याने कारण सांगितले ते असे, की मी भिक्खूंच्या काही कामी येत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत. म्हणजे देवघेवीचा हिशेब संघातही शिरला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. नंतर संघ जमवून त्यांनी समजावले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल? त्यानंतर जो नियम घातला गेला त्यात शिष्याने आजारी आचार्याची आणि आचार्याने आजारी शिष्याची शुश्रूषा करावी, असे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे.

या प्रसंगातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, सेवेचे सर्वांत घाणेरडे काम सर्वांत वरच्या व्यक्तीने प्रथम केले. दुसरी, ते काम करून झाल्यावर ते तेवढ्यावर सोडले नाही, असे का घडले याची चौकशी केली. तिसरी, त्या चौकशीतून नियम निर्माण केला, म्हणजे पुढच्या आजारी माणसाला कोणाच्या दयेवर अवलंबून राहावे लागू नये. काम, चौकशी आणि नियम. सेवेतून शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असावे? आपल्या शिबिरांत पहिली पायरी असते, तीही वाटून दिलेली. दुसरी आणि तिसरी बहुधा नसते.

येरळेच्या काठची शाळा

सांगली जिल्ह्यातच याचे एक निराळे उदाहरण घडले, आणि ते कोणत्याही विद्यापीठाच्या योजनेत नव्हते. १९८० नंतरच्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी परिसरात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी नदीतील वाळूवर आपला हक्क सांगितला, तिच्या विक्रीचा पैसा धरणाकडे वळवला आणि स्वतः श्रम केले. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते तेथे आले. दुष्काळ निसर्गाने आणला की धोरणाने, हा प्रश्न लोकांनी अभ्यासाचा केला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याच्या वाटपाचे तत्त्व. पाणी जमिनीच्या मालकीनुसार न वाटता भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानला गेला.

श्रमदान आणि वेठ यांतील फरक येथे नेमका दिसतो. गावोगावी श्रमदानाने तळी आणि बंधारे झाले. पण बांध घालताना भूमिहीनाने माती वाहिली आणि पाणी बांधावरच्या शेतकऱ्याच्या उसाला गेले, असे घडण्याचा धोका तेथे नेहमीच असतो. बळीराजा धरणाच्या तत्त्वाने हा धोका ओळखला. ज्याने श्रम केले त्याचा फळावर हक्क, हे त्याने मान्य केले. विद्यार्थ्यांना जलसंधारणाच्या कामावर नेणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने कुदळ हाती देण्याआधी विचारावयाचा प्रश्न हाच आहे, की हे पाणी कोणाच्या शिवारात जाणार?

आपल्याकडे पाहताना

इतरांची चिकित्सा करणाऱ्याने स्वतःला वगळू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी भिक्खूविषयी प्रश्न उपस्थित केला आहे, की तथागतांना केवळ परिपूर्ण माणूस घडवावयाचा होता की समाजसेवक? केवळ परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही, समाजसेवक भिक्खूच धम्माची आशा ठरेल, असा त्यांचा कौल होता. त्याआधी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखातही त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शैक्षणिक व वैद्यकीय सेवेकडे लक्ष वेधले होते. तेव्हा सेवेचाच त्याग करावा, असे बाबासाहेबांचे म्हणणे कधीच नव्हते. जन्माने लादलेली सेवा त्यांनी कायद्याने नाकारली आणि विचारपूर्वक स्वीकारलेली सेवा त्यांनी भिक्खूकडून मागितली. या दोहोंतील भेद आमच्या तरुणांना समजावून देण्यात आम्ही प्राध्यापक कमी पडलो.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलताना बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाने आपली फसवणूक केल्याचे दुःख व्यक्त केले होते. आज साताऱ्यात आणि सांगलीत आपल्या समाजाचे प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत. अनेक गावांत विहार आहेत. त्यांतील किती विहार पौर्णिमेखेरीज उघडे असतात? किती विहारांत संध्याकाळी कोणी दहावीच्या मुलींना गणित शिकवतो? उपालि न्हाव्याला शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, ती कुमारांनी स्वतः मागून घेतली होती. आपल्या सेवकाला आपण वंदन करावे आणि आपला अहंकार गळावा, हे कारण त्यांनीच दिले. आपण ही कथा व्याख्यानात सांगतो. पण आपल्याच विहाराची फरशी पुसणाऱ्या बाईला आपण खुर्ची देतो काय, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.

निष्कर्ष

या विवेचनावरून आम्ही काही सूचना करू इच्छितो. २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले आहे आणि सातारा-सांगलीची अनेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ज्या मातीत ही परंपरा जन्मली तेथून तिची दुरुस्तीही सुरू व्हावी, अशी अपेक्षा गैर नव्हे.

कोणत्याही सेवाप्रकल्पाला श्रेयांक देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, कामाची वाटणी. झाडू आणि स्वच्छतागृह यांची पाळी सर्वांना, प्राध्यापकांसह, चिठ्ठी टाकून लागावी. नावे मागू नयेत. दोन, फळाची वाटणी. ज्या वस्तीत काम झाले तिला आणि त्यातील सर्वांत मागे असलेल्या घराला काय मिळाले, हे त्या घरातील माणसाने सांगावे आणि त्याचे म्हणणे मूल्यमापनात धरावे. गावाला केवळ सेवेचा विषय न मानता शिक्षक मानावे. तीन, चौकशी. प्रत्येक अहवालात विद्यार्थ्याने हे काम करण्याची वेळ मुळात का आली आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून कोणता नियम हवा, हे लिहावे. हे नसेल तर त्याने केवळ काम केले, शिक्षण घेतले नाही असे समजावे.

शिबिरातील तो मुलगा पुढे काय करतो, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याने हात वर केला यात त्याचा मोठेपणाच होता. 'कोणीतरी करायलाच हवं' हे त्याचे म्हणणे धम्माला धरूनच होते, कारण आजारी भिक्खूजवळ उभे राहून तथागतांनीही तेच म्हटले. फरक एवढाच, की तथागतांनी ते काम सर्वांना वाटून दिले. त्या दिवशी शिबिरात गप्प बसलेल्या पन्नास मुलांचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे, आणि त्याची जबाबदारी त्या चौघांवर नसून आम्हां शिकवणाऱ्यांवर आहे.